जुना रंगीत कार्टूनपट कसा ओळखावा: रंग, पाटी आणि प्रत

१९३०च्या दशकात अमेरिकेतील चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सहा ते नऊ मिनिटांचा एक कार्टूनपट दाखवला जात असे. त्या काळचे रंगीत लघुपट आज घरबसल्या पाहता येतात. पण एकच लघुपट एका ठिकाणी गुलाबी, दुसऱ्या ठिकाणी हिरवट आणि तिसऱ्या ठिकाणी कालच रंगवल्यासारखा झगझगीत दिसतो, आणि यांपैकी खरा कोणता हे पाहणाऱ्याला कळत नाही. ते शोधण्याची एक रीत आहे. पडद्यावर दिसणारा रंग कोणाचा, हे आधी ठरवायचे: चित्रकाराने सेलवर, म्हणजे पात्र रंगवायच्या पारदर्शक पातळ पत्र्यावर, लावलेला; छपाईच्या रसायनाने दिलेला, की पुढे प्रत विटत गेल्यामुळे आलेला. ते ठरेपर्यंत अमुक स्टुडिओचे रंग फिके आणि तमुक चित्रकाराची जाण कच्ची असली विधाने राखून ठेवावीत. मी स्वतः बरीच वर्षे एका लघुपटातील तांबूस संध्याकाळचे कौतुक करत असे. पुढे त्याची चांगली प्रत पाहायला मिळाली, तेव्हा ती भर दुपार निघाली.

पाहण्याआधीची तयारी

पहिले काम पडद्याचे. १९३२पासून हॉलिवूडमध्ये चौकटीचे प्रमाण साधारण १.३७ला १ असे ठरलेले होते, म्हणजे चित्र आजच्या रुंद पडद्यापेक्षा बरेच चौकोनी असे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसत असतील तर ते तसेच राहू द्यावेत. पडदा भरण्यासाठी चित्र ताणले असेल तर गोल चेहरे लंबगोल होतात, आणि वरून-खालून कापले असेल तर उंच टोप्या आणि पायांची हालचाल दोन्ही जातात. कार्टूनपटात विनोदाचा निम्मा भार पायांवर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही कापाकापी किती महागात पडते ते कळेल.

दुसरे काम दूरचित्रवाणी संचातील ‘सुधारणा’ बंद करण्याचे. नव्या संचांत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, जी दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरे चित्र तयार करते. हाताने काढलेल्या कार्टूनपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण अनेकदा एकच रेखाचित्र दोन फ्रेम टिकवलेले असते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. धावण्याच्या किंवा आपटण्याच्या क्षणी अॅनिमेटर प्रत्येक फ्रेमसाठी नवे चित्र काढतो आणि पात्र थबकते तेव्हा एकच चित्र दहा-पंधरा फ्रेम धरून ठेवतो. हे वेगवान आणि संथ तुकडे तो मोजूनमापून लावतो. यंत्राने मध्ये भर घातली की सगळे पात्र तेलात पोहल्यासारखे सरकू लागते. रंग भडक करणारी सोयही बंद करावी, अन्यथा पुढील सर्व परीक्षा व्यर्थ ठरतील.

कालावधीची नोंदही याच वेळी करावी. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, त्यामुळे मिनिटाला ९० फूट फिल्म जाते आणि सात मिनिटांचा लघुपट ६३० फुटांचा, म्हणजे १०,०८० फ्रेमचा होतो. तोच लघुपट सेकंदाला २५ फ्रेम दाखवणाऱ्या युरोपीय दूरचित्रवाणी पद्धतीवरून उतरवलेला असेल, तर सहा मिनिटे त्रेचाळीस सेकंदांत संपतो आणि संगीताची पट्टी जवळपास अर्ध्या स्वराने चढते. तेव्हा आपली प्रत थोडी आखूड भरली तर लगेच काही कापले गेले असे समजू नये. आधी वेग तपासावा.

रंगाची परीक्षा

आता मुख्य भाग. त्या काळातील रंगपद्धती ढोबळमानाने दोन प्रकारच्या होत्या: दोन रंगांवर चालणाऱ्या आणि तीन रंगांवर चालणाऱ्या. १९२०च्या दशकाच्या अखेरीस टेक्निकलर कंपनीची जी पद्धत वापरात होती, तिच्यात प्रकाशाची लाल आणि हिरवी अशी दोनच रूपे नोंदवली जात आणि प्रत छापताना एक नारिंगी-लाल आणि एक मोरपिशी असे दोनच रंग वापरले जात. १९३०च्या ‘किंग ऑफ जॅझ’ या चित्रपटाच्या आरंभी वॉल्टर लँट्झ यांनी केलेला कार्टूनचा तुकडा याच पद्धतीचा आहे. दोन रंगांच्या मिश्रणातून काळा, पांढरा, तपकिरी, विटकरी आणि त्वचेचा रंग बऱ्यापैकी साधतो, पण काही रंग काही केल्या निघत नाहीत, आणि ओळखीची खूण तीच आहे.

परीक्षा अशी करावी. लघुपटात जिथे मोकळे मैदान आणि वर आकाश असेल ती फ्रेम थांबवावी. आकाश निळे आणि गवत हिरवे असे दोन स्वतंत्र रंग त्या एकाच फ्रेममध्ये दिसतात का, ते पाहावे. दोन रंगांच्या पद्धतीत आकाश आणि गवत या दोघांचाही भार एकाच मोरपिशी रंगावर असतो, त्यामुळे दोन्ही एका कुटुंबातील वाटतात: आकाश जरा हिरवट, गवत जरा निळसर, फरक काय तो गडद-फिक्याचा. त्यानंतर पिवळा रंग शोधावा. लिंबासारखा स्वच्छ पिवळा दिसला तर पद्धत तीन रंगांची. सूर्य, केळी, कोंबडीची पिले असे सगळे पिवळे असायला हवे ते फिक्या नारिंगीकडे किंवा सायीच्या रंगाकडे झुकत असेल तर दोन रंगांची. शेवटी जांभळा पाहावा. तो दोन रंगांत येतच नाही. त्याच्या जागी मळकट तपकिरी किंवा करडा येतो. या तिन्ही खुणा एकत्र जुळल्याखेरीज निर्णय देऊ नये, कारण पार्श्वभूमी रंगवणारे चित्रकार या मर्यादा पक्क्या ओळखून असत आणि अडचणीचे रंग मुळातच टाळत. लाल विटांचे घर, मोरपिशी दरवाजा आणि तपकिरी झाडे असे दृश्य पुन्हा पुन्हा भेटू लागले, की चित्रकाराने रसायनाशी केलेली तडजोड आपण पाहत आहोत असे समजावे. या तडजोडीतून आलेल्या काही पार्श्वभूमी मला पुढच्या पूर्ण रंगांतील पार्श्वभूमींपेक्षा अधिक सुसंगत वाटतात, हेही नमूद करतो.

तीन रंगांची टेक्निकलर पद्धत चित्रपटगृहांत सर्वप्रथम आणली ती वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने. ‘सिली सिम्फनीज’ मालिकेतील ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’ हा लघुपट आधी काळ्या-पांढऱ्यात सुरू झाला होता; तो रंगांत नव्याने करून जुलै १९३२मध्ये प्रदर्शित करण्यात आला, आणि कार्टूनपटांसाठी नव्यानेच सुरू झालेला पहिला ऑस्कर त्याला मिळाला. पुढे १९३९च्या लघुपटांपर्यंत तो पुरस्कार दरवर्षी डिस्नेकडेच जात राहिला आणि १९४०च्या लघुपटांच्या वेळी एमजीएम स्टुडिओच्या ‘द मिल्की वे’ने ही साखळी तोडली.

कालनिश्चितीसाठी याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे करार. कार्टूनपटांत तीन रंगांची टेक्निकलर पद्धत वापरण्याचा हक्क डिस्ने यांनी काही वर्षे स्वतःपुरता राखून घेतला होता, आणि १९३५च्या उत्तरार्धापर्यंत इतर स्टुडिओंना दोन रंगांवरच भागवावे लागले. वॉर्नर ब्रदर्सच्या ‘मेरी मेलडीज’, एमजीएमसाठी हार्मन आणि आयझिंग यांनी केलेल्या ‘हॅपी हार्मनीज’, व्हॅन ब्यूरेन स्टुडिओची ‘रेनबो परेड’ आणि फ्लायशर बंधूंच्या ‘कलर क्लासिक्स’ या मालिकांचे सुरुवातीचे रंगीत लघुपट म्हणूनच लाल-मोरपिशी दिसतात. वॉर्नरचा पहिला तीनरंगी लघुपट ‘फ्लॉवर्स फॉर मॅडम’ हा नोव्हेंबर १९३५चा, तर फ्लायशरचा ‘समव्हेअर इन ड्रीमलँड’ हा जानेवारी १९३६चा. यावरून एक सोपा आडाखा बांधता येतो. डिस्नेबाह्य टेक्निकलर लघुपटात निळे आकाश, हिरवे गवत आणि पिवळा सूर्य एकत्र नांदत असतील, तर तो १९३५च्या उत्तरार्धाआधीचा असण्याची शक्यता फारच कमी. आणि मालिकेची शैली त्याच काळातील असून रंग दोनच असतील, तर तो बहुधा १९३४-३५चा. वॉर्नरचे डुकराचे पात्र पॉर्की पिग ज्यात प्रथम दिसले तो १९३५च्या पूर्वार्धातील ‘आय हॅव्हन्ट गॉट अ हॅट’ हा दोनरंगीच आहे.

दोनरंगींमध्ये आणखी एक घराणे आहे, ते सिनेकलरचे. ते टेक्निकलरपेक्षा स्वस्त पडे. अब आयवर्क्स यांनी डिस्ने सोडल्यानंतर १९३३ ते १९३६ या काळात काढलेली ‘कॉमीकलर’ मालिका सिनेकलरची होती, आणि फ्लायशर यांच्या ‘कलर क्लासिक्स’मधील पहिला लघुपट, १९३४चा ‘पुअर सिंड्रेला’, हाही. त्यात फ्लायशर यांची नेहमीची नायिका बेटी बूप सिंड्रेला झाली आहे आणि एरवी काळ्या असणाऱ्या तिच्या केसांना तांबडा रंग दिला आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही चूक वाटते. पण ज्या पद्धतीत नारिंगी-लाल हाच सर्वांत भरघोस उठणारा रंग होता, तिच्यात नायिकेच्या डोक्यावर तो ठेवणे हा हिशेबी निर्णय दिसतो. चित्रावरून सिनेकलर आणि दोनरंगी टेक्निकलर वेगळे ओळखणे अवघड असते आणि नवख्याने त्या भानगडीत पडू नये. फिल्म हातात असेल तर मात्र ते सोपे आहे, त्याविषयी पुढे येईल.

कार्टूनपटांना तीन रंग इतके चांगले का मानवले, याचे कारणही जाणून घ्यावे, कारण चांगली प्रत ओळखायला ते उपयोगी पडते. नटनट्यांच्या चित्रपटांसाठी टेक्निकलरला प्रकाशाची विभागणी करून एकाच वेळी तीन फिल्मपट्ट्या चालवणारा अवजड कॅमेरा लागत असे. कार्टूनमध्ये सेल जागेवरून हलत नाही. त्यामुळे एकाच काळ्या-पांढऱ्या पट्टीवर तेच चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून लागोपाठ तीनदा टिपता येई, आणि अशी तिप्पट लांबीची निगेटिव्ह तयार होई. तिन्ही नोंदी एकाच पट्टीवर असल्यामुळे कालांतराने फिल्म आकसली तरी तिन्ही नोंदी जवळपास सारख्याच आकसतात आणि आज त्या संगणकावर पुन्हा एकमेकींवर बसवणे सोपे जाते. म्हणून मूळ निगेटिव्हवरून उतरवलेल्या प्रतीत शाईची रेघ एकसंध आणि धारदार दिसते. रेघेच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळसर झालर दिसत असेल, तर छपाईत रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत, म्हणजे आपण निगेटिव्हपासून दूरची एखादी प्रत पाहत आहोत.

पाटी वाचताना

कालनिश्चितीचा दुसरा आधार म्हणजे आरंभीची शीर्षकपाटी. हक्कनोंदणीचे वर्ष बहुतेकदा तळाशी रोमन अंकांत असते. एम म्हणजे १०००, सी-एम म्हणजे ९००, तीन एक्स म्हणजे ३० आणि शेवटी व्ही-आय म्हणजे ६, असे जोडत गेले की १९३६ मिळते. हे वर्ष प्रदर्शनाच्या वर्षापेक्षा एखाद्या वर्षाने मागे असू शकते, एवढे ध्यानात ठेवावे.

पाटी दिसली की ती मूळचीच आहे असे मात्र धरून चालू नये. स्टुडिओ आपले यशस्वी लघुपट काही वर्षांनी पुन्हा प्रदर्शित करत आणि तसे करताना पाट्या बदलत. वॉर्नरने १९४३पासून निळ्या फितीचे चिन्ह असलेल्या ‘ब्लू रिबन’ नावाने असे पुनःप्रदर्शन सुरू केले. त्यात मूळ आरंभ आणि श्रेयनामावली काढून टाकली गेली, आणि अनेक लघुपटांचे ते तुकडे कायमचे हरवले. परिणामी दिग्दर्शकाचे नाव पडद्यावर शोधून उपयोग नसतो. येथे डोळ्यांपेक्षा कान अधिक कामाला येतो. ‘मेरी मेलडीज’ची ओळखीची धून १९३६पासूनची आणि वॉर्नरच्याच ‘लूनी ट्यून्स’ मालिकेची १९३७पासूनची. या धुनांची वादनरचना पुढे बदलत गेली आणि पुनःप्रदर्शित प्रतींना त्या-त्या वेळची नवी रचना जोडली गेली. आरंभीचे वाद्यवृंदाचे वादन भरदार आणि स्वच्छ, आणि लगेच सुरू होणारा लघुपटाचा आवाज मात्र पातळ आणि जुनाट असा सांधा ऐकू आला, की पाटी नंतरची समजावी.

दूरचित्रवाणीच्या काळात आणखी एक थर चढला. १९५०च्या दशकात स्टुडिओंनी जुने लघुपट दूरचित्रवाणीसाठी विकून टाकले. वॉर्नरचे १९४८च्या मध्यापर्यंतचे रंगीत लघुपट आणि पॅरामाउंटकडचे ‘पॉपाय’चे लघुपट १९५६च्या सुमारास ए.ए.पी. या लघुनामाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीकडे गेले. फ्लायशरचे ‘कलर क्लासिक्स’ यू.एम. अँड एम. या दूरचित्रवाणी कंपनीकडे. या कंपन्यांनी पॅरामाउंटचे डोंगराचे चिन्ह पुसून आपली नावे टाकली. पाटीवर अशी अक्षरे दिसली तर निराश होण्याचे कारण नाही, आतला लघुपट बहुधा पूर्ण असतो. मात्र ती प्रत दूरचित्रवाणीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या रिळावरून आलेली असण्याची दाट शक्यता असते, आणि रंगाविषयी तिची साक्ष जपून घ्यावी.

काही वेळा पाटीच नव्हे, तर आतील मजकूरही बदललेला असतो. १९३३च्या ‘थ्री लिटल पिग्ज’मध्ये लांडगा ज्यू फेरीवाल्याच्या वेषात येण्याचा एक प्रसंग होता, तो द्वेषमूलक म्हणून १९४०च्या दशकातील पुनःप्रदर्शनासाठी नव्याने चितारण्यात आला. वॉर्नरचे अकरा लघुपट कृष्णवर्णीयांच्या हिणकस चित्रणामुळे १९६८पासून दूरचित्रवाणीच्या वितरणातून बाजूला ठेवले गेले, आणि इतर असंख्य लघुपटांतून सुटे विनोद कापले गेले. कापलेली जागा शोधायची असेल तर ताल मोजावा. त्या काळी संगीताचा वेग फ्रेममध्ये ठरवला जात असे. दर मात्रेला १२ फ्रेम घेतल्या तर मिनिटाला १२० मात्रा होतात. पात्राचे पाऊल, थप्पड, दार बंद होणे हे सर्व मात्रेवर पडते. टेबलावर बोटाने ठेका धरून पाहताना मध्येच अर्धी मात्रा गळाल्यासारखे झाले आणि त्याच क्षणी पात्राची जागाही उडी मारून बदलली, तर तिथे कात्री चालली आहे किंवा तुटलेली फिल्म जोडली आहे.

प्रत विटली आहे की उतरवण्यात चूक आहे

या भागात सर्वाधिक घोटाळा होतो. टेक्निकलरच्या छपाईत रंग अक्षरशः ठशासारखे फिल्मवर दाबून उतरवले जात. जिलेटिनच्या उठावदार पट्टीने रंग शोषून घ्यायचा आणि कोऱ्या फिल्मवर सोडायचा, आणि असे पिवळा, किरमिजी व निळसर हिरवा या तीन रंगांसाठी तीनदा करायचे. हे रंग टिकाऊ असतात. अशी जपून ठेवलेली १९३०च्या दशकातील प्रत आजही खणखणीत रंग दाखवते. १९५०मध्ये बाजारात आलेल्या ईस्टमनकलर फिल्मचे तसे नव्हते. तीत तिन्ही रंग फिल्मच्याच थरांत तयार होत आणि त्यांतील निळसर हिरवा रंग आधी उडून जाई. दूरचित्रवाणीसाठी आणि भाड्याने देण्यासाठी काढलेल्या बहुसंख्य प्रती या फिल्मवरच्या, म्हणून त्या आज लालसर गुलाबी झाल्या आहेत.

विटलेली प्रत ओळखताना बहुतेक जण पांढऱ्याकडे पाहतात; पाहावे काळ्याकडे. फिल्मवर पांढरे म्हणजे जिथे रंगच नाही अशी जागा. जिथे रंग नव्हता तिथून उडून जाणार काय? त्यामुळे विटलेल्या प्रतीतही पात्राचे पांढरे हातमोजे आणि डोळ्यांतील पांढरे बरेचसे पांढरेच राहते, आणि काळी शाई, रात्रीचे आकाश, मांजराचे काळे अंग असे जे जे गडद असते ते मात्र शेंदरी तपकिरीकडे झुकते, कारण काळ्याला काळे ठेवणाऱ्या तीन रंगांपैकी एक गळालेला असतो. याउलट, हातमोजेही गुलाबी आणि शाईही गुलाबी असेल, म्हणजे सगळ्या चित्रावर एकसारखी छटा पसरली असेल, तर फिल्म उतरवताना रंगसंतुलन चुकलेले असण्याची शक्यता अधिक. पहिला दोष भरून काढणे कठीण आहे, दुसरा संचावरील साध्या फेरफारानेही बराच कमी होतो. आणि पांढरे स्वच्छ, काळे चांगले काळे, पण आकाश व गवत मात्र एकाच मोरपिशी कुळातले असे दिसले, तर दोष कशातच नाही. लघुपट मुळातच दोन रंगांचा आहे. त्याला ‘सुधारून’ निळे आकाश देणाऱ्या डिजिटल प्रती मी टाळतो.

फार स्वच्छ प्रतीकडेही संशयाने पाहावे. धूळ आणि ओरखडे काढणाऱ्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेला वेगाने हलणारी पातळ शाईची रेघ म्हणजे ओरखडाच वाटतो, आणि ती तो पुसते. १९९०च्या दशकापासूनच्या काही चकती-आवृत्त्यांत हे दिसते: पात्र स्थिर असताना बाह्यरेषा अखंड, आणि ते झेपावले की बोटांच्या व शेपटीच्या कडा तुटक. शंका आली तर झपकन हलणारा हात निवडून दहा-बारा फ्रेम एकेक करून पुढे सरकवाव्यात; रेघ एका फ्रेममध्ये आहे, पुढच्या फ्रेममध्ये अर्धी नाहीशी आहे असे आढळले, तर ती चूक चित्रकाराची नव्हे.

सर्वांत फसवा प्रकार शेवटी सांगतो. ‘लूनी ट्यून्स’ मालिका १९४२पर्यंत जवळजवळ संपूर्ण काळ्या-पांढऱ्यातच होती. तिचा पहिला रंगीत लघुपट ‘द हेप कॅट’ त्या वर्षाच्या ऑक्टोबरचा, आणि काळे-पांढरे लघुपट १९४३च्या अखेरीस थांबले. तरीही १९३७चा पॉर्की रंगीत दिसतो तो का? १९६०च्या दशकाच्या अखेरीस अशा अनेक लघुपटांच्या फ्रेम दक्षिण कोरियात हाताने गिरवून, रंगवून नव्याने चित्रित करण्यात आल्या. गिरवणारांनी चित्रे कमी केली, म्हणून हालचाल अडखळते. पार्श्वभूमी सपाट आणि तपशीलहीन असते. आणि आवाज मात्र मूळचाच असल्यामुळे ओठ व शब्द यांचे जुळत नाही. १९९०च्या दशकातील संगणकीय रंगभरणीत हालचाल मूळची राहते, पण खालची करडी छटा रंगातून डोकावते. दोन्ही प्रकार १९३०च्या दशकातील रंगाचा पुरावा म्हणून बाद समजावेत.

खोलीवरून स्टुडिओ

पाटी हरवली असेल तर पार्श्वभूमीच्या खोलीवरून स्टुडिओचा अंदाज बांधता येतो. फ्लायशर यांच्याकडे फिरत्या पाटावर छोटे त्रिमित नेपथ्य उभारून त्याच्यापुढे काचेत उभा धरलेला सेल चित्रित करण्याची सोय होती. पात्र चालत असताना मागचे घर फक्त सरकण्याऐवजी किंचित वळताना दिसले, त्याची बाजूची भिंत हळूहळू उघडी पडली आणि तिच्यावर खऱ्या दिव्याची सावली असली, तर ते फ्लायशर यांचेच काम. १९३६च्या पॉपाय-सिंदबाद लघुपटातील गुहेत हे चांगले पाहता येते. डिस्ने यांचा अनेक पातळ्यांचा कॅमेरा वेगळा होता. तिथे रंगवलेल्या सपाट चित्रांचे थर एकाखाली एक ठेवून वरून चित्रित करत. १९३७च्या ‘द ओल्ड मिल’मध्ये तो वापरला गेला. त्यात जवळचे गवत अस्पष्ट होत बाजूला सरते आणि आपण आत शिरतो, पण कोणतीच वस्तू वळत नाही.

फिल्मच हाती आली तर

रीळ ३५ मिलिमीटरचे आणि १९५०च्या आसपासचे किंवा त्याआधीचे असेल, तर ते नायट्रेट, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या पायावरची फिल्म, असू शकते असे धरूनच वागावे. नायट्रेट पेटले की पाण्याने विझत नाही, कारण जळण्यासाठी लागणारा प्राणवायू त्याच्यातच असतो. रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन हाउसच्या कोठाराला १९७८मध्ये लागलेल्या आगीत एमजीएमच्या जुन्या कार्टूनपटांच्या कित्येक मूळ निगेटिव्ह गेल्या. असे रीळ घरी चालवू नये, उन्हात किंवा बंद पेटीत ठेवू नये. चिकट झालेले, तीव्र वासाचे किंवा तपकिरी भुकटी सुटलेले असेल तर हात न लावता चित्रपट-संग्रहालयाला कळवावे. १६ मिलिमीटर फिल्म बिनधोक, म्हणजे तशी पेट न घेणाऱ्या, पायावरच बनत असे. तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की ती आकसू लागली आहे असे समजून इतर रिळांपासून वेगळी करावी.

बिनधोक फिल्म कडेने, सुती हातमोजे घालून धरावी आणि परावर्तित उजेडात दोन्ही बाजू पाहाव्यात. नेहमीच्या फिल्मची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असते. सिनेकलरच्या प्रतीत दोन्ही बाजूंना रसायनाचा थर असल्यामुळे कोणतीच बाजू पुरेशी चकाकत नाही, आणि ओरखडा ज्या बाजूला पडेल तेवढाच रंग निघून जाऊन तिथे दुसऱ्या रंगाची रेघ उरते. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला निर्मितीवर्षाची खूण असते. एकटे वर्तुळ म्हणजे १९३६, १९५६ किंवा १९७६. एकटा चौकोन त्याच्या पुढचे वर्ष, एकटा त्रिकोण त्याच्याही पुढचे. दर वीस वर्षांनी त्याच खुणा परत येतात. यांतले वर्ष कोणते ते फिल्मच्या प्रकारावरून ठरवावे: ईस्टमनकलर असेल तर १९३६ बाद. निगेटिव्हची खूणही कधीकधी प्रतीवर छापून येते, म्हणून एकाच कडेला दोन वेगवेगळ्या खुणा दिसल्या तर अलीकडची ती प्रतीची.

शेवटी प्रत्येक लघुपटासाठी एक वहीपान ठेवावे आणि त्यावर निष्कर्षाआधी निरीक्षण लिहावे. माझ्या वहीतील एक नोंद अशी आहे: ‘पाटी नंतरची, धून भरदार, पुढे आवाज पातळ. आकाश व गवत एकाच छटेचे. सूर्य सायीच्या रंगाचा. जांभळा कुठेही नाही. हातमोजे पांढरे, शाई तांबूस. तिसऱ्या मिनिटाला अर्धी मात्रा गळते. म्हणजे दोनरंगी, बहुधा १९३४-३५, विटलेल्या ईस्टमन प्रतीवरून. एक विनोद कापलेला. चांगली प्रत मिळेपर्यंत रंगाविषयी काही लिहू नये.’